गंजलेला बोल्ट आणि तेलाची निवड

मराठीत गंज, कन्नडमध्ये तुक्कु, तेलुगूत तुप्पु आणि उर्दूत जंग! आमच्या कोठीच्या बाजारात हे चारही शब्द ऐकू येतात. शब्द चार असले तरी दुखणे एकच. पावसाळा उलटला की सायकलीचा नट, दुकानाच्या शटरचे कुलूप किंवा पाण्याच्या मोटारीचा बोल्ट जागचा हलत नाही. अशा वेळी घरात हाताशी असेल ते तेल ओतायचे आणि जोर लावायचा, ही आपली सर्वसाधारण रीत. ती कशी महागात पडते हे मी स्वानुभवाने सांगतो.

आमच्या आईचे पायाचे शिवणयंत्र एक पावसाळा गॅलरीत पडून होते. दसऱ्याच्या आधी ब्लाउज शिवायला आले, तेव्हा चाकाचा बोल्ट सैल होईना. मी त्यावर खोबरेल तेल ओतले आणि लगेच पाना लावून सारी शक्ती पणाला लावली. बोल्टचे डोके तुटून हातात आले! मिस्त्रीने उरलेला तुकडा ड्रिलने कोरून काढला आणि नवे आटे पाडले. त्याची मजुरी तर गेलीच, शिवाय आईची सणाची शिलाईही दुसरीकडे गेली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नफा-तोट्याचा हा धडा घरीच मिळाला.

चूक नेमकी कोठे झाली? लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधील बारीकशी फट ठासून भरते. त्या फटीत शिरायचे तर तेल अतिशय पातळ हवे. समईची वात जशी तेल वर ओढून घेते, तशीच अरुंद फट पातळ तेलाला आत ओढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. खोबरेल त्या मानाने दाट. ते वरच राहते आणि पुढे धूळ धरून चिकट होते.

आता निवडीकडे वळू. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवण्यासाठी मुद्दाम बनवलेले तेल मिळते. त्यात पातळ द्रावक आणि थोडे वंगण असते. द्रावक वंगणाला आत नेतो आणि स्वतः उडून जातो. बोल्ट खरोखरच जाम असेल तर हेच घ्यावे. सर्वांच्या परिचयाचे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे तयार झाले, ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले म्हणून ४० हा आकडा! थोड्याशा गंजाला ते पुरते. पण हट्टी बोल्टसाठी हीच कंपनी वेगळे तेल विकते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रॉकेल किंवा डिझेल पातळ असल्याने आत शिरते, परंतु त्यात वंगण कमी. म्हणून त्यात थोडे शिवणयंत्राचे तेल मिसळतात. मात्र जवळपास ज्योत नसावी. नुसते शिवणयंत्राचे तेल सावकाश काम करते. बोल्ट सुटल्यानंतर लावायला ते उत्तम. ग्रीससुद्धा नंतरचेच. वाहनाच्या ब्रेकवर मात्र यांपैकी कोणतेही तेल उडू देऊ नये.

तेलाइतकेच महत्त्व पद्धतीला आहे. प्रथम तारेच्या ब्रशने वरचा गंज काढावा. मग तेल सोडून हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. काही तासांनी पुन्हा तेल द्यावे आणि शक्य तर रात्रभर थांबावे. नेमक्या मापाचा पाना लावून बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत सोडवावा. एकदम हिसका देऊ नये.

माझा पराक्रम ऐकून ट्रूप बाजारातील एक वृद्ध दुकानदार म्हणाले, "तेल से जादा सबर होना, बाबू." मी तेलाची छोटी बाटली घेतली आणि यंत्राचा दुसरा बोल्ट त्यांच्या सांगण्याप्रमाणे रात्रभर भिजत ठेवला. सकाळी तो फारसा जोर न लावता सुटला. बाटलीची किंमत मिस्त्रीच्या मजुरीपेक्षा कितीतरी कमी होती, आणि एका रात्रीची वाट पाहणे तर फुकटच होते!

तेव्हा मित्रहो, गंजलेल्या बोल्टशी गाठ पडली तर तेल पातळ निवडा आणि पाना हातात घेण्यापूर्वी त्या तेलाला वेळ द्या. आणि बोल्ट सुटला की पुन्हा बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावायला विसरू नका, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर हा खटाटोप करावा लागणार नाही.