गुप्तहेर गोंदियाला कधी उतरणार?

मराठीत रहस्यकथेचा दुष्काळ कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. गिनीज बुकानेही त्यांची दखल घेतली. गुरुनाथ नाईकांच्या पुस्तकांची संख्या बाराशेच्या घरात जाते. सुहास शिरवळकरांनी (1948–2003) फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद अशी माणसं उभी केली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत ती रांगेत उभं राहून वाचली गेली.

या सगळ्या फौजेत एक माणूस मात्र अभावानेच भेटतो: स्वतःच्या आयुष्यात पार विस्कटलेला, पण तोंडाने कुणाला हार न जाणारा खासगी गुप्तहेर. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या कडेने चालतात, पण मनाने निर्मळ आहेत. नाईकांचा कॅप्टन दीप देशासाठी लढतो. शिरवळकरांच्या संवादांत खटका आहे, टोमणा आहे. तरी त्यांचा नायक सहसा जिंकायलाच आलेला असतो. घरभाडं थकलंय, बायको माहेरी गेलीय, रात्री झोप लागत नाही, ही दुखणी आपण सामाजिक कादंबरीच्या वाट्याला दिली.

टोमणा हे बिनसत्तेचं हत्यार

अमेरिकेत ही जात जन्मली ती अनुभवातून. डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला, क्षयाने पोखरलेला लेखक. त्याचा सॅम स्पेड ‘द मॉल्टीज फाल्कन’मधून 1930 मध्ये पुस्तकरूपाने आला. रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो 1939 च्या ‘द बिग स्लीप’मध्ये अवतरला. पोलीस दम देतात, श्रीमंत अशील फसवतात, गुंड बदडून काढतात. या माणसाकडे शेवटी उरते ती फक्त जीभ.

आपल्याकडचा खासगी गुप्तहेर तर याहून उघडा आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे, गुप्तहेरांसाठी नाही. त्यांच्या नियमनाचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. गुप्तहेराला अटकेचा अधिकार नाही, झडतीचा नाही, कुणाच्या फोनची नोंद मागवण्याचाही नाही. 2018 मध्ये अशाच नोंदी बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. म्हणजे नायक पहिल्या पानापासूनच अडचणीत. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

धान, वाघ आणि तीन राज्यं

आता या माणसाला मुंबईतून काढून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवा आणि शेवटच्या स्थानकावर उतरवा. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आठ तालुक्यांचा. उत्तरेला मध्य प्रदेशचं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. गुन्हेगाराने सीमा ओलांडली की पोलिसांना पत्रव्यवहार करावा लागतो. आपला बिनअधिकाराचा गडी तिकीट काढून जातो.

गुन्हाही इथलाच हवा. गोंदिया हे राईस मिलचं गाव. आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर सातबारा दाखवून धान विकलं जातं, सरकार ते भरडाईला मिलवाल्याला देतं आणि साध्या तांदळाच्या बाबतीत क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत घेतं. या साखळीत चलन, बारदाना, ट्रकचा नंबर आणि मिलचं वीजबिल असा कागद सतत तयार होत असतो. कागदावर हजारो क्विंटल भरडलं गेलं आणि मीटर मात्र जागचा हलला नाही, तर? एका कारकुनाचा मृतदेह आणि एक वीजबिल एवढ्यावर तीनशे पानं चालतील. पाठलागाला दरेकशाचा बोगदा आहे, सालेकशाचं जंगल आहे, इटियाडोहची भिंत आहे.

बेपत्ता व्यक्तीचा तपास हवा असेल तर प्रत्यक्षात घडलेलंच पाहा. इथल्याच नागझिरा अभयारण्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला, देशभर गाजला आणि 2016 च्या एप्रिलनंतर दिसलाच नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती, शोध झाला, तर्क झाले; उलगडा झाला नाही. सगळं शोधूनही न सापडणं हा अनुभव मराठी रहस्यकथेने वाचकाला फारसा दिलेला नाही. विस्कटलेल्या नायकाला तोच शोभतो.

जीभ कुठून आणायची?

मार्लोची मराठी नक्कल केली तर ती भाषांतरासारखी वाजेल. गोंदियाला उसनवारीची गरज नाही. हा झाडीपट्टीचा मुलूख. इथल्या खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांत हजरजबाबीपणा पिढ्यान्‌पिढ्या तासला गेलाय. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत गावोगाव रात्ररात्र नाटकं चालतात. झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. मिलमालक दरडावतो, ‘‘तुले विचारायचा अधिकार कोनं देल्ला?’’ आपला गुप्तहेर म्हणतो, ‘‘कोनीच नाही जी. म्हनून तं हळूच विचारून रायलो.’’ या एका उत्तरात त्याची लाचारी आहे आणि मस्तीही.

अर्नाळकरांपासून शिरवळकरांपर्यंतच्या लेखकांनी वाचनाची सवय लावली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण थरार म्हणजे केवळ वेग, हा समजही त्याच लाटेने पक्का केला. गोळीबार कुणालाही लिहिता येतो. भरडाईचा हिशेब, जंगलातली वाट आणि बोलीतला टोमणा लिहायला तो मुलूख ठाऊक असावा लागतो. म्हणून ही कादंबरी मुंबई-पुण्यातून येईल अशी वाट पाहू नये. आमगाव, देवरी, तिरोडा किंवा अर्जुनी मोरगावात बसून लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने ती लिहायला घ्यावी आणि प्रकाशकांनी बोलीभाषेला न घाबरता ती छापावी.