दिवा लागला, म्हणजे सर्किट पास?

नवशिक्याने डाग देऊन जोडलेले पहिले सर्किट बॅटरी लावताच पेटले की तपासणी संपली, असे घरोघरी आणि वर्कशॉपमध्येही मानले जाते. पण पेटणे हा फार कच्चा पुरावा आहे. 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी घेऊ. एलईडीवर सुमारे 2 व्होल्ट जातात. उरलेल्या 7 व्होल्टला 470 ने भागले की करंट साधारण 15 मिलिअँपिअर येतो. पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांऐवजी चुकून लाल-लाल-तपकिरी, म्हणजे 220 ओहमचा रेझिस्टर लागला, तर तोच करंट 32 च्या आसपास जातो. साध्या एलईडीची सोसण्याची मर्यादा बहुधा 20 असते. म्हणजे चुकीचे सर्किट बरोबरपेक्षा अधिक झगमगते आणि शाबासकीही त्यालाच मिळते! गंमत अशी की रेझिस्टरवरचे व्होल्टेज दोन्ही वेळा जवळपास 7 च भरते. चूक पकडायला मीटर सिरीजमध्ये लावून करंटच मोजावा लागतो, आणि किती यायला हवा ते आधी वहीत मांडलेले असावे लागते.

आयआयटी मुंबईने 2014 मध्ये सुरू केलेल्या सौर अभ्यासदिव्यांच्या उपक्रमात लाखो दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावपातळीवरच्या माणसांकडे सोपवली होती. अशा दिव्याची खरी परीक्षा जोडणीच्या टेबलावर होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हाने सोल्डर वितळत नाही, शिसे-कथलाचे सोल्डर वितळायला 183 अंश लागतात. पण तार, सोल्डर आणि बोर्ड रोज कमीजास्त प्रसरण पावतात आणि अर्धवट चिकटलेला डाग हळूहळू सुटतो. डाग चमकदार असला की झाले, हा निकषही अपुरा आहे. शिसेविरहित सोल्डर मुळातच मंद दिसते. ते पायाला आणि तांब्याच्या चकतीला धरून पसरले आहे की थेंबासारखे वर बसले आहे, हे भिंगातून पाहावे. सर्किट चालू असताना प्लास्टिकच्या काडीने डागाला हलकेच टोचावे. दिवा लुकलुकला तर डाग ड्राय, म्हणजे नीट न चिकटलेला आहे.

कोणी म्हणेल, नऊ व्होल्टने काय बिघडणार, सरळ चालू करून पाहावे. माणसाला शॉक बसणार नाही हे खरे; पण आयसी उलटा बसला असेल तर तो क्षणात जाऊ शकतो, आणि 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर तारच तापून लाल होते. म्हणून आधी बॅटरी काढून सप्लायच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स पाहावा. येथे मीटरच्या बीपवर विसंबू नये, कारण स्वस्त मीटर काही दहा ओहमलाही वाजतो. पडद्यावरचा आकडा वाचावा. मोठा कपॅसिटर असेल तर आकडा चढत जातो, तो स्थिरावू द्यावा. अनुभवी मेकॅनिक यातले काहीच करत नाहीत, हा आक्षेप वरवरचा आहे. त्यांना अपेक्षित आकडे तोंडपाठ असतात. नवशिक्याला ते कागदावर लागतात. पहिल्यांदा बॅटरी जोडताना 12 व्होल्टचा छोटा बल्ब सिरीजमध्ये ठेवला, तर शॉर्ट असल्यास बल्ब पेटतो आणि बोर्ड वाचतो.