रुग्णांच्या नावानं मिळालेली जमीन

रॅले ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी. तिच्या मध्यवस्तीला लागून 308 एकरांचं एक उंचसखल आवार आहे. तिथे जुनी डेरेदार झाडं आहेत, विटांच्या इमारती आहेत आणि एक विस्तीर्ण गवताळ माळ आहे. माळावर उभं राहिलं की शहरातल्या उंच इमारती समोर दिसतात. 1856 पासून 2012 पर्यंत इथे राज्याचं मनोरुग्णालय होतं. ते बंद झालं आणि राजधानीच्या उंबरठ्यावरच्या या जमिनीचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर बांधलेली मनोरुग्णालयं आज अनेक देशांत शहरांच्या पोटात आली आहेत. जागा मोक्याच्या झाल्या, इमारती जुन्या झाल्या आणि उपचारांची पद्धत बदलली. अशा आवाराचं भवितव्य कसं ठरतं, कोणते टप्पे येतात आणि गाडं कुठे अडतं, हे रॅलेच्या उदाहरणावरून पाहता येतं. पाहताना एक कसोटी हाताशी ठेवायला हवी. ही जमीन आजारी माणसांच्या नावानं मिळालेली होती. मग नव्या आराखड्यात त्यांच्या वाट्याला काय आलं?

एवढी जमीन आली कुठून?

डोरोथिया डिक्स या मॅसॅच्युसेट्समधल्या शिक्षिका. तुरुंगांत आणि अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहांत मनोरुग्णांना कसं डांबून ठेवलं जातं, हे त्या राज्याराज्यांत फिरून स्वतः पाहत आणि विधिमंडळांपुढे मांडत. 1848 मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाला असंच एक निवेदन दिलं. खर्चाच्या भीतीनं प्रस्ताव अडला होता. त्याच सुमारास जेम्स डॉबिन या आमदारांच्या पत्नी आजारी पडल्या आणि डिक्स यांनी त्यांची शुश्रूषा केली. या प्रस्तावाला साथ द्या, असं त्या बाईंनी मृत्यूपूर्वी पतीला सांगितलं. डॉबिन सभागृहात बोलले आणि 1849 मध्ये कायदा झाला. त्यानंतर शहराबाहेरच्या टेकडीवर 182 एकर जागा घेण्यात आली.

एवढ्या जमिनीमागे एक वैद्यकीय विचार होता. अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांनी 1851 मध्ये काही दंडक घालून घेतले. राज्याच्या प्रत्येक रुग्णालयाकडे किमान 100 एकर जमीन असावी आणि एका ठिकाणी 250 हून अधिक रुग्ण नसावेत, असं त्यात होतं. या विचाराचे प्रमुख प्रवर्तक होते फिलाडेल्फियाचे डॉ. टॉमस कर्कब्राइड. उजेड, वारा, दूरवरचा देखावा, फिरायला मोकळी जागा आणि हाताला काम हे त्यांच्या लेखी औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं होतं. म्हणून रुग्णालयाभोवती बागा आल्या, शेती आली, गोठे आले.

पुढे ही शेती संस्थेचं पोट भरण्याचं साधन झाली. अनेक रुग्णालयांत रुग्ण वर्षानुवर्षं मोबदल्याविना राबत राहिले. अशा कामाला वेतन दिलंच पाहिजे, असा निकाल अमेरिकी न्यायालयानं 1973 मध्ये दिला. तोवर रॅलेच्या रुग्णालयाची जमीन वाढत वाढत सुमारे 2,300 एकरांवर गेली होती. त्यानंतर तिचे तुकडे होत गेले. 1984 मध्ये मोठा तुकडा राज्य विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी दिला गेला. काही भागात राज्याचा शेतकरी बाजार उभा राहिला. हे उपयोग चांगलेच होते, पण प्रत्येक वेळी जमीन दुसऱ्याच कामासाठी गेली. त्यामुळे नियोजनाचं पहिलं काम नकाशा काढण्याचं नसतं. जमीन कोणत्या हेतूनं आणि कोणत्या अटींवर मिळाली, मध्ये किती गेली, कोणाला गेली, हे जुने कागद काढून तपासावं लागतं.

मालकी आणि मोबदला

1950 च्या दशकात नवी औषधं आली. पाठोपाठ, रुग्णावर त्याच्या घराजवळ, समाजात राहूनच उपचार व्हावेत हा विचार रुजला. विचार योग्य होता. पण मोठी रुग्णालयं जितक्या झपाट्यानं रिकामी झाली, तितक्या झपाट्यानं गावोगावची सेवा उभी राहिली नाही. रॅलेचं रुग्णालय 2012 मध्ये बंद झालं, तेव्हा उरलेल्या रुग्णांना जिल्ह्याबाहेर बटनर इथल्या राज्य रुग्णालयात हलवण्यात आलं.

त्याच वर्षी राज्य सरकारनं हे आवार उद्यानासाठी 75 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं शहराला दिलं. वर्षाला पाच लाख डॉलर आणि दरवर्षी थोडी वाढ, असं भाडं ठरलं. नवं विधिमंडळ येताच वाद पेटला. विरोधकांचं म्हणणं होतं की भाडं बाजारभावापेक्षा फार कमी आहे आणि मनोरुग्णांसाठी राखलेल्या जमिनीचा पैसा त्यांच्याच उपचारांना मिळायला हवा. करार रद्द करण्याची भाषा झाली आणि बोलणी लांबली. अखेर 2015 मध्ये शहरानं ही जमीन 5 कोटी 20 लाख डॉलरना विकत घेतली. राज्याची जी कार्यालयं तिथे होती, त्यांना भाड्यानं काही काळ राहता येईल अशी सोयही करारात होती.

या वादातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विक्रीच्या पैशांचा वेगळा निधी. तो रुग्णालयाच्याच नावानं उभारला गेला आणि ग्रामीण भागातल्या रुग्णालयांत मनोरुग्णांसाठी खाटा वाढवण्याचं काम त्यातून ठरलं. असा निधी कायद्यानं बांधून घेतला नाही, तर विक्रीची रक्कम राज्याच्या तिजोरीत मिसळून जाते आणि पुढे तिचा माग लागत नाही. उद्यान होवो वा घरं, हा टप्पा चुकला तर पुढचे सगळे टप्पे रुग्णांच्या दृष्टीनं निरर्थक ठरतात.

जमिनीची पाहणी

मालकी ठरली की पाहणी सुरू होते. पाणी कुठून वाहतं, कोणती झाडं शंभर वर्षांची आहेत, माती कशी आहे, जमिनीखाली कोणत्या वाहिन्या गेल्या आहेत, याची नोंद होते. रॅलेत या आवाराच्या कडेनं रॉकी ब्रँच नावाचा ओढा वाहतो. शहरातल्या ओढ्यांचं जे होतं तेच त्याचंही झालं होतं. त्याला सरळ करून, बांधून टाकलं होतं. आराखड्यात त्याला पुन्हा पसरायला जागा दिली आहे. पुराचं पाणी वस्तीत न शिरता काठावरच्या सखल भागात मुरावं, हा त्यामागचा हेतू.

आवाराच्या एका भागात शहराचा कचरा पुरलेला होता. अशी जमीन वर्षानुवर्षं खचत राहते आणि कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू येत राहतो. तिथे इमारत उभारणं धोक्याचं ठरतं. गवताळ मैदानासारखा हलका उपयोगच तिथे शोभतो. आराखड्यातल्या कितीतरी गोष्टी अशा जमिनीनंच ठरवलेल्या असतात.

इमारतींची पाहणी त्याहून किचकट असते. जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉस असतं, रंगात शिसं असतं. भिंती जाडजूड आणि छताचा भार पेलणाऱ्या असल्यानं मनाला येईल तशा पाडता येत नाहीत. लांबलचक व्हरांडे आणि त्यांना लागून लहान खोल्या, या रचनेत आधुनिक कार्यालय बसवणं अवघड जातं. म्हणून जाणते लोक आधी छप्पर दुरुस्त करतात. छत गळायचं थांबलं तर इमारत दहा वर्षं वाट पाहू शकते. गळत राहिलं तर ती काही पावसाळ्यांतच हाताबाहेर जाते आणि मग पाडण्याशिवाय उपाय उरत नाही.

आराखडा कसा बनतो?

रॅले शहरानं 2017 मध्ये हे काम मायकेल व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांच्या संस्थेकडे सोपवलं. न्यूयॉर्कचं ब्रुकलिन ब्रिज पार्क याच संस्थेनं घडवलं आहे. पुढची सुमारे दोन वर्षं सभा, पाहणी आणि चर्चा चालल्या आणि फेब्रुवारी 2019 मध्ये नगर परिषदेनं बृहत् आराखडा मंजूर केला.

बृहत् आराखडा म्हणजे बांधकामाचा नकाशा नव्हे. कुठे मोकळं राहील, कुठे झाडी, कोणत्या इमारती टिकतील, रस्ते कुठून शिरतील आणि आधी काय, मग काय, एवढंच तो ठरवतो. पूर्ण व्हायला काही दशकं लागतील, हे त्यात गृहीत असतं. म्हणून पहिला टप्पा असा निवडतात की लोकांना लवकर काहीतरी वापरता यावं आणि पुढच्या खर्चाला त्यांचा पाठिंबा टिकावा. रॅलेत 2022 मध्ये मतदारांनी शहरातल्या उद्यानांसाठी 27 कोटी 50 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. या आवारात मुलांसाठी मोठं क्रीडांगण आकाराला आलं आणि 2025 मध्ये ते खुलं झालं.

जुन्या इमारतींच्या बाबतीत इतर शहरांचे अनुभव बोलके आहेत. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचं रुग्णालय 1989 मध्ये बंद झालं. 2000 नंतर एका विकसकानं त्याची प्रचंड मुख्य इमारत भागाभागानं दुरुस्त केली. आज तिथे घरं, दुकानं, खानावळी आहेत. ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीवरच्या खर्चाच्या 20 टक्के इतकी करसवलत अमेरिकेचं केंद्र सरकार देतं. अशा कामांचं गणित बऱ्याचदा त्यावरच जुळतं. बफेलोतल्या रुग्णालयाच्या मध्यभागात 2017 मध्ये हॉटेल सुरू झालं, 2021 मध्ये बंद पडलं आणि 2023 मध्ये नव्या चालकांनी पुन्हा उघडलं. वारसा वास्तू वाचवली म्हणून धंदा चालेलच असं नाही, हे तिथे दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सची भव्य इमारत मात्र 2006 मध्ये बहुतांश पाडली गेली. दर्शनी भाग तेवढा ठेवून मागे भाड्याची घरं बांधली.

आठवणींची जागा

रॅलेच्या आवारात एक दफनभूमी आहे. घरच्यांनी ज्यांना नेलं नाही, असे सुमारे 900 रुग्ण तिथे पुरलेले आहेत. रुग्णालय येण्याआधी याच जमिनीवर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. रुग्णालयातही 1965 पर्यंत फक्त गोरे रुग्ण घेत. कृष्णवर्णीय रुग्णांना गोल्ड्सबरोच्या वेगळ्या रुग्णालयात पाठवत. उद्यान करताना हा इतिहास गवताखाली झाकणं सोपं असतं. दफनभूमीची हद्द कायम राखणं, रुग्णालयाच्या नोंदवह्यांवरून नावं शोधून थडग्यांवर लावणं आणि माजी रुग्णांना, परिचारिकांना नियोजनाच्या बैठकीत बसवणं ही कामं आराखड्यातच लिहिलेली असावी लागतात. नाहीतर निधी आटला की तीच आधी वगळली जातात.

आपल्याकडे

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. रॅलेशी एक मोठा फरक आहे. ती बंद पडलेली नाहीत, तिथे आजही रुग्ण आहेत. ठाण्याचं रुग्णालय 1901 पासूनचं. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान नवं रेल्वे स्थानक व्हावं म्हणून त्याच्या आवारातली सुमारे 15 एकर जमीन देण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयानं 2023 मध्ये मोकळा केला. ठाणे स्थानकातली गर्दी ज्यांनी सोसली आहे, ते स्थानकाची गरज नाकारणार नाहीत. पण गरज खरी असली तरी जमिनीचा मूळ हेतू संपत नाही. उलट, रुग्णालय चालू असल्यानं परतफेड त्याच आवारात करता येते: चांगले वॉर्ड, पुरेसे डॉक्टर, फिरायला मोकळी जागा, बऱ्या झालेल्यांसाठी निवासाची सोय.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येकाला उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे अशा जमिनीचा आराखडा हरकती आणि सूचनांसाठी खुला होईल, तेव्हा नागरिकांनी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. जमीन कोणत्या अटींवर मिळाली होती? तिचा मोबदला कोणत्या खात्यात जाणार आणि तो फक्त मनोरुग्णांवर खर्च होईल याची हमी काय? काम चालू असताना रुग्ण कुठे राहणार? आराखडा करणाऱ्या समितीत रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय आहेत का? उद्यानं, स्थानकं, घरं शहराला हवीतच, पण ती ज्यांच्या नावच्या जमिनीवर उभी राहतात त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा. तो हिशेब कागदावर आल्याशिवाय आराखड्याला संमती देऊ नये.