गँबिटमधलं प्यादं कधी सोडावं?

डाव जेमतेम सुरू झालेला असतो आणि समोरचा खेळाडू आपलं एक प्यादं आपणहून पुढे करतो. ते मारलं की आपल्याकडे एक प्यादं जास्त. पुढे मारामारी होऊन मोहरे कमी झाले की याच प्याद्याचा वजीर होईल, असा सरळ हिशेब मांडून नवा खेळाडू ते जिवापाड जपू लागतो आणि तिथेच फसतो.

क्वीन्स गँबिटमधला सापळा बघा. पांढरा डी४, काळा डी५. पांढरा सी४, आणि काळा ते प्यादं मारतो. पांढऱ्याने ई३ खेळताच त्याच्या उंटाची वाट मोकळी होते आणि सी४वरच्या काळ्या प्याद्यावर मारा येतो. काळा ते वाचवायला बी५ खेळतो, पांढरा लगेच ए४. आता ए६ने आधार दिला तर बी५वर मारामारी होऊन ए-पट्टी उघडते आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. म्हणून काळा सी६ खेळतो. पांढरा बी५वर मारतो, काळा सी-प्याद्याने उलट मारतो, आणि पांढऱ्याचा वजीर एफ३वर येऊन बसतो. तिथून ए८पर्यंतचा अख्खा कर्ण मोकळा! हत्तीला हलायला जागा नाही. त्याला वाचवायचं तर घोडा किंवा उंट मध्ये घालून गमवावा लागतो. अवघ्या सहा चालींत एका प्याद्यापायी मोहरा गेला. जाणता खेळाडू इथे सी४चा हट्ट सोडतो. पांढरा उंटाने ते परत घेईपर्यंत तो आपले मोहरे बाहेर काढतो आणि मग ए६, बी५ खेळून त्याच उंटाला हुसकतो. तीच बी५ची चाल, पण योग्य वेळी.

गँबिटमध्ये प्याद्याच्या बदल्यात समोरच्याला मिळतो तो वेळ. प्यादं राखण्यासाठी खर्चलेली प्रत्येक चाल मोहरे बाहेर काढण्याच्या कामातून वजा होते. हे सगळ्यात ठसठशीत दिसतं ते इव्हान्स गँबिटमध्ये. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श दर्यावर्दी कप्तानाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना आणली. इटालियन पद्धतीच्या डावात चौथ्या चालीला पांढरा बी४ खेळतो. काळ्याच्या उंटाने ते प्यादं मारलं की सी३ खेळून त्याला हुसकायचं आणि मग डी४ खेळून पटाचा मध्य बळकावायचा.

पहिले अधिकृत जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्झ यांचा यावरचा पवित्रा ठाम होता: प्यादं घ्यावं आणि राखावं. १८९०-९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे मिखाईल चिगोरिन आणि न्यूयॉर्कमधले स्टाइनिट्झ तारेने दोन डाव खेळले. त्यातल्या इव्हान्स गँबिटमध्ये तेराव्या चालीनंतरची स्टाइनिट्झ यांची मांडणी पाहून आजही जीव कासावीस होतो. राजा ई८वरच, वजीर माघारी फिरून एफ८वर, एक घोडा डी८वर, दुसरा कडेला एच६वर, पांढऱ्या घरांतला उंट जागचा हललेला नाही. प्यादं मात्र शाबूत! चिगोरिन यांनी पुढच्याच चालीला डी६ खेळून आणखी एक प्यादं देऊ केलं, कारण त्यांना गरज होती ती वाटा मोकळ्या करण्याची. दोन्ही डाव चिगोरिन यांनीच जिंकले.

उत्तर दिलं इमानुएल लास्कर यांनी. त्यांच्या बचावात काळा प्यादं घेतो, डी६ खेळतो आणि पांढऱ्याने डी४ केल्यावर ए५वरचा उंट शांतपणे बी६वर नेतो. प्यादं हवं तर परत घ्या, असंच सांगितल्यासारखं. पांढऱ्याने ई५वर मारामारी करून ते घेतलं, तर वजिरांची अदलाबदल होते आणि ज्या हल्ल्यासाठी प्यादं दिलं होतं तो हल्लाच संपतो. शिवाय पांढऱ्याची ए२ आणि सी३वरची प्यादी एकाकी पडतात आणि उरलेला सगळा डाव त्यांची राखण करावी लागते. माझ्या मते बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या डावांतला हा सर्वांत शहाणा विचार आहे. जादा प्यादं सोडायचं, पण त्याची पुरेपूर किंमत वसूल करून.

हे कळलं म्हणून प्रत्यक्ष पटावर ते सोपं होतं असं नाही. १९९५ मध्ये रिगा येथे गॅरी कास्पारोव्ह यांनी विश्वनाथन आनंद यांच्याविरुद्ध हाच इव्हान्स गँबिट काढला. आनंद यांनी प्यादं घेऊन उंट ई७वर माघारी घेतला. हल्ले चुकवताना त्यांचा एक घोडा एफ६, डी५, बी६ आणि डी७ असा चार चाली फिरत राहिला. दरम्यान कास्पारोव्ह यांचा राजा कॅसलिंग करून सुरक्षित झाला आणि हत्ती डी१वर आला. पंधराव्या चालीला पांढऱ्याच्या उंटाने एच६ गाठून काळ्याच्या कॅसलिंगची वाटच अडवली. आनंद यांनी ई५चं आणखी एक प्यादं मारलं, पण राजा मध्येच अडकला होता. पंचविसाव्या चालीनंतर त्यांनी डाव सोडला.

राखणं कधीच योग्य नसतं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९६० मध्ये मार देल प्लाता इथे किंग्ज गँबिटमध्ये बोरिस स्पास्की यांच्याकडून हरल्यावर बॉबी फिशर यांनी १९६१ मध्ये एक लेखच लिहिला आणि काळ्याला तिसऱ्या चालीला डी६ सुचवली. स्पास्की यांचा घोडा ज्या ई५ घरात घुसला होता ते घर या चालीने बंद होतं, उंटाची वाटही खुली होते, आणि त्यानंतर जी५ खेळून एफ४वरचं प्यादं निर्धास्तपणे धरता येतं. प्यादं राखणारी चाल मोहऱ्यांच्याही उपयोगाची असेल, तर ते अवश्य राखावं. ती निव्वळ प्याद्यासाठीच खेळावी लागत असेल, तर लास्करसारखा बी६ शोधावा.