जुन्या सायकलचं वय ठरवायचं कसं?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एखाद्या जिन्याखाली जुनी पोलादी सायकल सापडते. घरचे सांगतात, ‘आजोबांची, इंग्लंडची रॅले.’ आपण आधी हँडलखालचा बिल्ला वाचू. नॉटिंगहॅमची रॅले वेगळी आणि १९५०च्या दशकात आसनसोलला बनू लागलेली सेन-रॅले वेगळी.

मग मागच्या चाकाचा हब पुसू. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्यावर ‘५८ ६’ असे आकडे दिसतील. म्हणजे १९५८चा जून. झालं का काम? नाही. हे वय हबचं. चाक बदलतं, बिल्लाही दुसरा लावता येतो. मग सायकल म्हणजे नेमकं काय? आपण फ्रेमला सायकल मानतो; तेव्हा साक्षही फ्रेमचीच हवी. सीटच्या नळीवर किंवा पायडलच्या नळीखाली ठोकलेला नंबर शोधू. नुसत्या नंबरावरून साल कळेलच असं नाही. पण नंबर, नळ्यांचे जोड आणि हब हे तिघं एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तर आपला अंदाज पक्का.

म्हणून नवा रंग देण्याआधी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उतरवून घ्या. रंगाच्या थराखाली आकडे बुजले, की उरते फक्त ऐकीव गोष्ट; आणि भंगारवाला गोष्टीचं वजन करत नाही.