ओव्हरक्लॉकिंग : वेगाची हौस आणि निदानाची शिस्त

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाचं घड्याळ पळवण्याबद्दल काय बोलायचं? आमच्या मते मात्र हा विषय आमच्याच अंगणातला आहे. ओव्हरक्लॉक केलेला संगणक मधेच बंद पडतो, तेव्हा तो का पडला हे शोधणं म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. न्यायदर्शनाने शतकानुशतकं हेच काम केलं. दुसरं कारण अधिक जवळचं आहे. वाडी, कुरुंदवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी या टापूत व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन किंवा नुसती गेमची आवड म्हणून सुटे भाग जुळवून संगणक बांधणारी मुलं आता घरोघरी आहेत. त्यामागे घरच्यांची बचत असते. बिघाड झाला की घाईघाईने चांगला भाग काढून नवा आणला जातो, पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून निदान नीट शिकायचं.

आधी मूळ गोष्ट. प्रोसेसरमध्ये एक ठेका असतो, त्याला क्लॉक म्हणतात. मदरबोर्ड साधारणपणे १०० मेगाहर्ट्झचा पायाभूत ठेका देतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ५० असेल तर वेग ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. एका ठोक्याला वेळ मिळतो ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो! या अवधीत चिपमधल्या प्रत्येक संदेशाने आपल्या मुक्कामी पोचायला हवं. एखादा उशिरा पोचला, तर ० च्या जागी १ वाचला जातो. अस्थैर्य म्हणजे मुळात एवढंच. वेळ कमी पडली.

मग कंपनी सांगते त्यापेक्षा जास्त वेग मुळात चालतोच कसा? कारण कंपनीने हातचं राखून ठेवलेलं असतं. आपल्याला हे सांगायला नको. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधले चार फूट रिकामे वाटतात, पण पावसाळ्यात तेच चार फूट आपल्याला सामान वर चढवायला वेळ देतात. प्रोसेसरमधलं अंतरही तसंच आहे. उन्हाळा, धूळ, चिपचं वय, विजेचे चढउतार या सगळ्यांसाठी ते राखलेलं असतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हे अंतर आपण वापरून टाकणं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर गाजला तो याच कारणाने. त्याचा गुणक ४.५ होता, पायाभूत ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा ४५० होई, आणि बरेच नग ते सहज सोसत. बरेच म्हटलं, सगळे नाही. एकाच कारखान्यातल्या दोन चिपांची कुवत सारखी नसते. त्यामुळे मित्राच्या संगणकावर चाललेला आकडा तुमच्यावर चालेल असं गृहीत धरणं हा पहिला तर्कदोष.

आता लक्षणं. संगणक सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो, हे एक. मधेच निळा पडदा येऊन परत सुरू होतो, हे दुसरं. चित्र गोठतं किंवा पडद्यावर रंगीत ठिपके-चौकोन दिसतात, हे तिसरं. चौथं लक्षण असं की काहीच दिसत नाही, सगळं सुरळीत चालतं, फक्त उत्तर चुकतं. सर्वांत वाईट हेच. फोटोची फाइल उघडत नाही, झिप फाइल सुटत नाही, महिन्यापूर्वीचा हिशेब जुळत नाही. जो संगणक बंद पडतो तो निदान प्रामाणिक तरी असतो!

चुकीचं उत्तर शोधायचं कसं, याचा नमुना १९९४ चा आहे. अमेरिकेत थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. संगणकांच्या ताफ्यात नवा पेंटियम आला आणि आकडे जुळेनात. त्यांनी लगेच प्रोसेसरवर बोट ठेवलं नाही. आपला प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड असा एकेक संशयित तपासून बाद केला, तेच गणित दुसऱ्या यंत्रांवर करून पाहिलं. जूनमध्ये शंका आली, इंटेलला कळवलं ऑक्टोबरमध्ये. भागाकारासाठी चिपमध्ये असलेल्या तक्त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तो पेंटियम कुणी ओव्हरक्लॉक केलेला नव्हता, दोष घडणीतलाच होता. पण शोधण्याची रीत आपल्याला जशीच्या तशी उपयोगी आहे.

त्या रीतीला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण काढून घेतलं की कार्यही जातं, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर थांबू नये. म्हणून पहिली पायरी व्यतिरेकाची. बायोसमध्ये जाऊन सगळं कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणा. सगळं म्हणजे रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइलसुद्धा. पुष्कळ मुलं म्हणतात, 'सर, रॅमला तर आम्ही हातच लावला नाही.' पण ते प्रोफाइल चालू करणं हेच रॅमचं ओव्हरक्लॉकिंग आहे. मूळ स्थितीतही संगणक पडत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग निर्दोष. मग पॉवर सप्लाय, सैल बसलेली रॅम, डिस्क, ड्रायव्हर यांच्याकडे वळा. मूळ स्थितीत व्यवस्थित चालत असेल, तरच पुढे जायचं.

संगणक बायोसपर्यंतसुद्धा पोचत नसेल तर घाबरू नका. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी सीमॉस क्लिअर करा, किंवा ती नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. मूळ आकडे परत येतात.

दुसरी पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा. गुणक, व्होल्टेज, रॅम तिन्ही एकदम बदलून संगणक नीट चालला, तरी तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. क्रम असा ठेवा. आधी फक्त रॅम, प्रोसेसर मूळ वेगावर. मेमटेस्ट-८६ सारखा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा, चार फेऱ्या होऊ द्या. इथे एक चूकसुद्धा जास्तच. मग रॅम मूळ स्थितीवर ठेवून फक्त प्रोसेसर. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. शेवटी सगळं एकत्र.

निळ्या पडद्यावरचे शब्द फोनवर टिपून घ्या. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आलं तर प्रोसेसरचा एखादा गाभा उत्तर देईना, म्हणजे बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' म्हणजे हार्डवेअरनेच चूक कबूल केली. 'मेमरी मॅनेजमेंट' आलं तर आधी रॅम पाहा. रंगीत ठिपके दिसले किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर वारंवार पडला तर ग्राफिक्स कार्ड. ही लिंगं आहेत, सिद्धी नव्हे. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं, पण डोंगरावर जाऊन पाहायचंही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया-लॉगर' या नावाच्या नोंदी शोधा. संगणक पडला नसला तरी दुरुस्त झालेल्या चुका तिथे साठत असतात. ती इशारा पातळी समजा.

आता न्यायशास्त्रातला एक फार कामाचा शब्द, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी. 'वेग वाढवला म्हणून संगणक पडला' या वाक्यातही उपाधी लपलेली असते, आणि ती बहुतेक वेळा उष्णता किंवा व्होल्टेज असते.

हिशेब करू. चिप जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त उष्णता! म्हणून व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ व्होल्टच्या पायरीनेच वाढवावं. शिवाय काम वाढलं की व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते सावरायला बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं. ते मधल्या पायरीवर ठेवावं. सर्वांत कडक ठेवलं तर काम थांबल्याक्षणी व्होल्टेज उसळतं, आणि ते चिपला बाधतं.

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक मर्यादित ठेवतो. डिसेंबरात खोली २४ अंश आणि चिप ८० अंश असेल, तर फरक ५६. मे महिन्यात दुपारी खोली ३८ झाली की चिप ९४. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० च्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि त्याआधीच काठावरचा ओव्हरक्लॉक कोसळतो. म्हणून थंडीत पास झालेली परीक्षा उन्हाळ्यात परत द्यायची. त्यात आपल्याकडे इचलकरंजीच्या मागांची कापसाची तूस, ऊसतोडीच्या दिवसांत जाळलेल्या पाचटाची काजळी. पंख्याची पाती आणि कूलरच्या फटी महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने साफ करा, तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा. पावसाळ्यातली ओल हाही शत्रू. पुराच्या दिवसांत बंद ठेवलेला संगणक पूर्ण सुकल्याशिवाय चालू करू नका.

वीजही तपासा. संगणक नेहमी ठराविक वेळीच पडतो का? शेजारी मोटार चालू होते तेव्हा? इन्व्हर्टरवर गेल्यावर? साध्या इन्व्हर्टरचा चौकोनी लहरीचा प्रवाह काही पॉवर सप्लायना मानवत नाही, त्यांना शुद्ध साइन लहर लागते. अशा वेळी दोष प्रोसेसरचा नसतोच.

परीक्षेबद्दल. प्राइम-९५ हा प्रोग्राम मर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या प्रकल्पातून आला. त्याच्या छळ-चाचणीत उत्तरं आधीच माहीत असतात, त्यामुळे मूक चूकही पकडली जाते. लहान एफएफटी निवडलं तर प्रोसेसर घामाघूम होतो, ब्लेंड निवडलं तर रॅमही तपासली जाते. पण एकाच चाचणीवर विसंबू नका. काही संगणक पूर्ण भाराखाली रात्रभर टिकतात आणि रिकामे असताना पडतात, कारण तेव्हा व्होल्टेज खाली जातं. म्हणून भारी काम, हलकं काम, नुसतं चालू ठेवणं आणि तुमचं रोजचं काम, चारही करून बघा. कार्ल पॉपर म्हणत तसं, कितीही पांढरे हंस पाहिले तरी सगळे हंस पांढरे हे सिद्ध होत नाही, काळा एकच पुरतो. चाचणी पास झाली म्हणजे संगणक स्थिर आहे असं नव्हे, अजून चूक सापडली नाही एवढंच. त्यावर उपाय हाच की जो सर्वांत मोठा वेग टिकला, त्याच्या १०० ते २०० मेगाहर्ट्झ खाली राहायचं. खर्च केलेलं अंतर थोडं परत ठेवायचं.

आणखी एक. आज स्थिर आहे ते वर्षाने राहील असं नाही. जादा व्होल्टेज आणि उष्णतेने चिप झिजते, मग त्याच वेगाला तिला जास्त व्होल्टेज लागतं. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थैर्य आलं, आणि त्यामागे चढं व्होल्टेज असल्याचं कंपनीनेच सांगितलं. मायक्रोकोड सुधारून दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप सुधारणेने पूर्ववत होत नाही. तिथे ओव्हरक्लॉक न करणारेही सापडले होते. म्हणून बायोस अद्ययावत ठेवणं हासुद्धा निदानाचाच भाग.

शेवटी विवेकाचा प्रश्न. गेमचा संगणक पडला तर डाव गेला, एवढंच. पण ज्या संगणकावर पतसंस्थेचा हिशेब आहे, कुणाच्या लग्नाचं शूटिंग आहे, मुलीचा प्रबंध आहे, तिथे दहा टक्के वेगासाठी मूक चुकीचा धोका घ्यायचा अधिकार आपल्याला आहे का? आमचं उत्तर, नाही. तिथे मूळ वेग ठेवा. हौस करायची तर वेगळ्या यंत्रावर, आणि चाचणीला बसण्याआधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून, ती डिस्क संगणकापासून सोडवून. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी वही आणली आहे त्यांनी आधी विचारावं, म्हणजे उत्तरही नेमकं देता येईल.