आढ्यावर बसलेली आजी

मुलांना चित्रकलेच्या शिकवणीला सोडायला येणाऱ्या आईवडिलांची एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ‘सर, पट्टी आणि क्षितिजरेषा हातात दिलीत की पोरांची कल्पनाशक्ती मरते हो!’ यथार्थदर्शन, म्हणजे आपले पर्स्पेक्टिव्ह, हे एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या गुणांपुरते. कल्पना निराळी अन् नियम निराळे, असा हा हिशेब. मला तो मुळीच मान्य नाही. साक्षीला मी एका डच चित्रकाराला बोलावतो : एम. सी. एशर (१८९८-१९७२).

त्याचे १९५३ चे ‘रिलेटिव्हिटी’ हे शिलामुद्रण कधी पाहिले आहे का? जिनेच जिने, आणि त्यांवर वावरणारी सोळा माणसे. एकाची भिंत ती दुसऱ्याची जमीन. वरच्या एका जिन्यावरून तर दोघे एकाच दिशेने चालले आहेत. पण एक चढतो आहे आणि दुसरा उतरतो आहे! तापात पडलेले स्वप्न वाटावे असा प्रकार. आणि तरी पट्टी लावून पाहावे, तर एकेक रेघ शिस्तीत आपल्या बिंदूकडे धावते. रेल्वेचे रूळ दूरवर जिथे मिळाल्यासारखे दिसतात, तसा हा लोपबिंदू. एशरने असे तीन घेतले, तिन्ही चित्राच्या बाहेर. ते जोडले तर सुमारे दोन मीटर बाजूचा समभुज त्रिकोण होतो. आपण एरवी तिघांपैकी एकालाच ‘वर’ किंवा ‘खाली’चा मान देतो. त्याने तो तिघांनाही दिला, एवढेच. त्याने मोडले ते गुरुत्वाकर्षण. यथार्थदर्शनाला धक्काही लावला नाही.

त्याआधी १९४७ मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ या चित्रात तर त्याने एकाच बिंदूला तिहेरी कामाला जुंपले : इथे तो क्षितिज, तिथे माथ्यावरचे आकाश, आणखी कुठे पायाखालचा तळ. (त्यातला मानवमुखी पक्षी म्हणजे सासऱ्यांनी भेट दिलेली मूर्ती. जावईबापूंनी तिचे सोने केले!)

आज रविवारच आहे, तर घरी करून पाहा. ड्रॉइंग पेपरच्या मधोमध ठिपका द्या. त्याभोवती छोटा चौकोन काढा. ही समोरची भिंत. ठिपक्यापासून चौकोनाच्या कोपऱ्यांवरून जाणाऱ्या चार रेघा कागदाच्या कडेपर्यंत न्या. झाली खोली. आता कागद पाव फेरा फिरवा आणि जी बाजू खाली आली तिच्यावर खुर्ची काढा. खोलीत आत जाणाऱ्या तिच्या सगळ्या कडा त्याच ठिपक्याकडे वळल्या पाहिजेत. कागद सरळ केलात की खुर्ची भिंतीवर! कडा चुकल्या तर ती नुसती चिकटवलेली दिसते, डोळ्यांना पटत नाही. सावल्यांचेही आधी ठरवा. दिवा एकच असेल तर सगळ्यांनी त्याचेच ऐकायचे.

१९६१ चा ‘वॉटरफॉल’ मात्र पोरांना जरा उशिरा दाखवावा. तिथे एकेक कोपरा बरोबर आणि सगळे मिळून अशक्य. तो खेळ निराळा.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने असेच स्वयंपाकघर काढले. आजी आढ्यावर विळी घेऊन बसलेली. आजीचा पदर कुठल्या बाजूला लोंबणार, यावर ती दोन दिवस अडून होती. शेवटी तिने तो आढ्याकडे सोडला.